औषध अकोल्यात, रुग्ण तेल्हाऱ्यात

सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यापर्यंत पसरलेल्या तेल्हारा तालुक्यात आजारपणालाही हंगाम असतो. मृगाचा पाऊस पडला की शेतात माणसांची वर्दळ वाढते, बिळांत पाणी शिरते आणि सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. पुढे कपाशीवर फवारण्या सुरू झाल्या की कीटकनाशकांच्या विषबाधेचे रुग्ण दिसतात. गढूळ पाण्याने होणारी हगवण आणि डासांमुळे येणारा ताप हेही याच दिवसांतले. आणि नेमक्या याच महिन्यांत नाल्यांना पूर येतो, रस्ते बंद होतात, वीज जाते. औषधांची गरज जेव्हा सर्वांत जास्त असते, तेव्हाच ती आणण्याची वाट सर्वांत कच्ची असते. तालुक्याच्या रुग्णालयाने औषधसाठा किती आणि कसा ठेवावा, या प्रश्नाचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात मागणीपत्र भरताना बहुतेक वेळा आधार घेतला जातो तो मागच्या वर्षीच्या खपाचा आणि त्याच्या मासिक सरासरीचा. माझे म्हणणे असे की, तेल्हाऱ्यासारख्या टोकाच्या तालुक्यात प्राण वाचवणाऱ्या औषधांचा साठा सरासरीवर नव्हे, धोक्यावर मोजला पाहिजे. आणि तो साठा जिल्ह्याच्या भांडारात नव्हे, रुग्ण जिथे पहिल्यांदा पोहोचतो तिथे असला पाहिजे.

ही साखळी कशी चालते, ते आधी पाहू. औषध कारखान्यातून निघते. राज्य पातळीवर निविदा आणि दरकरार होतात. मग माल जिल्ह्याच्या औषधभांडारात येतो आणि तिथून मागणीपत्राप्रमाणे तालुक्याला जातो. तालुक्यात पोहोचल्यावर मात्र ही साखळी दोन फाट्यांनी जाते. तेल्हाऱ्याचे ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, तर हिवरखेड किंवा दानापूरसारख्या गावांतली प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे. गंभीर रुग्ण ज्या अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पाठवायचा, ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे तिसऱ्याच खात्याचे. रुग्ण एकच, रस्ताही एकच, पण त्या रस्त्यावरच्या औषधांच्या नोंदवह्या तीन. एका केंद्रात मुदत संपत आलेली सर्पदंशाची लस पडून असावी आणि काही किलोमीटरवरच्या रुग्णालयात तीच संपलेली असावी, अशी वेळ या रचनेत कोणाचीही वैयक्तिक चूक नसताना येऊ शकते.

सर्पदंशाचे उदाहरण घेतले की हा प्रश्न लख्ख दिसतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू, असा अंदाज देशव्यापी मृत्युनोंदींच्या अभ्यासातून २०२० मध्ये पुढे आला. यातले बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले आणि पावसाळ्यातले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते. मुंबईचे हाफकिन महामंडळ ती बनवणाऱ्या मोजक्या उत्पादकांपैकी एक आहे. विषबाधेची लक्षणे दिसली की पहिल्या मात्रेतच साधारण ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात. विष जास्त असेल तर पुन्हा तेवढ्याच. घोणस चावल्यावर रक्त गोठेनासे होते, मण्यार चावल्यावर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. दोन्हींत मिनिटांचा हिशेब असतो.

आता सरासरीचा हिशेब इथे कसा फसतो, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. समजा, एका केंद्रात वर्षभरात ४८ कुप्या वापरल्या गेल्या. सरासरी निघाली महिन्याला ४. वरून माल यायला दीड महिना लागतो, म्हणून साठा ६ कुप्यांवर आला की नवी मागणी नोंदवायची, असे ठरले. कागदावर हे गणित चोख आहे. पण ४८ पैकी ३६ कुप्या जुलै ते सप्टेंबर या तीनच महिन्यांत लागल्या असतील, तर पावसाळ्यातला खप महिन्याला १२ पडतो आणि दीड महिन्याला १८ लागतात. त्याहून मोठी चूक पुढे आहे. शिल्लक ६ कुप्या म्हणजे एका रुग्णाची पहिली मात्राही नाही. नोंदवही म्हणते ‘साठा उपलब्ध’ आणि खाटेवरच्या माणसासाठी तो नसल्यात जमा. म्हणून अशा औषधाचे माप कुपी हे नसून रुग्ण हे असायला हवे. ‘किती कुप्या आहेत?’ याऐवजी ‘एकाच रात्री किती रुग्ण आले तरी आपण पुरे पडू?’ असे विचारले, तर मागणीपत्रावरचा आकडा आपोआप बदलतो.

साठाव्यवस्थापनाच्या शास्त्रात यासाठी एक सोपी विभागणी आहे. औषधांचे तीन गट करायचे: ज्यांच्यावाचून जीव जातो ती प्राणरक्षक, ज्यांच्यावाचून उपचार अडतो ती आवश्यक आणि जी असली तर बरे अशी इष्ट. दुसरीकडे खर्चाचीही वर्गवारी करायची. बहुतेक रुग्णालयांत असे दिसते की मोजक्याच वस्तूंवर एकूण खर्चाचा मोठा भाग जातो आणि उरलेल्या शेकडो वस्तूंना फार थोडा पैसा लागतो. या दोन वर्गवाऱ्या एकमेकींवर ठेवल्या की महत्त्वाची गोष्ट कळते. प्राणरक्षक औषधांपैकी कितीतरी औषधे स्वस्त असतात. लसीची तीव्र प्रतिक्रिया आली तर लागणारे ॲड्रेनलिन, विषबाधेतले ॲट्रोपिन, बाळंतिणीचे झटके थांबवणारे मॅग्नेशियम सल्फेट, ही इंजेक्शने थोडक्या रुपयांत मिळतात. स्वस्त वस्तूचा जास्तीचा साठा ठेवायला फार पैसा लागत नाही आणि ती नसण्याची किंमत मात्र एका जिवाएवढी असते. म्हणून सर्व औषधांना एकच नियम लावणे चूक आहे. अशक्तपणाच्या गोळ्या आठ दिवस उशिरा आल्या तर चालते. ॲट्रोपिन आठ तास उशिरा आले तर चालत नाही. शिवाय प्राणरक्षक औषधे एकेकटी उपयोगी पडत नाहीत. सर्पदंशाची लस आहे पण ॲड्रेनलिन नाही, सलाईन आहे पण शिरेत घालायची सुई नाही, किंवा श्वास देण्याची पिशवी फाटलेली आहे, तर त्या लसीचा आधार अर्धाच राहतो. साठा मोजायचा तो संचाने.

कीटकनाशकांच्या विषबाधेने हा धडा वऱ्हाडाला २०१७ मध्ये फार कठोरपणे दिला. त्या वर्षीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अकोल्यासह विदर्भातल्या इतर जिल्ह्यांतही रुग्ण आढळले. तेव्हाच्या चर्चेत बेकायदा मिश्रणे, उंच वाढलेली कपाशी, संरक्षक कपड्यांचा अभाव यांवर बोट ठेवले गेले आणि ते योग्यच होते. पण आणखी एक गोष्ट उघडी पडली. विषाचा प्रकार ओळखायला लागणारी रक्तातल्या कोलिनेस्टरेजची साधी तपासणीही यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात तेव्हा होत नव्हती. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाच्या गंभीर रुग्णाला एका दिवसात ॲट्रोपिनच्या इतक्या कुप्या लागू शकतात, की एरवी महिनोन्‌महिने पुरणारा साठा एकाच रात्रीत संपावा. एकाच गावातून तीन-चार फवारणी करणारे मजूर एकदम आले, तर सरासरीवर बेतलेले कपाट काय करणार? अशी लाट कधी येऊ शकते, हे कृषी विभागाला पेरणीच्या आकड्यांवरून आणि बोंडअळीच्या प्रादुर्भावावरून आधीच कळत असते. ती माहिती तालुक्याच्या औषधभांडारापर्यंत पोहोचवायला एक पत्र पुरते.

मागणी अशी उसळते, तर पुरवठ्याचा रस्ता कसा तुटतो तेही पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये अकोला-अकोट रस्त्यावरचा, गांधीग्राम इथला पूर्णेवरचा ब्रिटिशकालीन पूल धोकादायक झाल्याने बंद करावा लागला. जिल्ह्याच्या ठिकाणाला उत्तरेकडच्या तालुक्यांशी जोडणारा हा मुख्य रस्ता. वाहतूक लांबच्या मार्गांनी वळली. पुढच्या महिन्यात अकोला-अकोट रेल्वे ब्रॉडगेजवरून सुरू झाली आणि प्रवाशांना मोठा आधार मिळाला. पण औषधांची पेटी आणि रुग्णवाहिका रेल्वेच्या वेळापत्रकावर चालत नाहीत. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने गावे पाण्याखाली गेली आणि वाटा बंद झाल्या. सातपुड्यातून उतरणारे नाले त्या तालुक्यांना आणि तेल्हाऱ्याला सारखेच भिववतात. पूल बंद होणे किंवा नाला अंगावर येणे ही या भागात अपवादाची गोष्ट नाही. ती नियोजनात आधीच धरायला हवी.

पावसाळ्याचा असा, तर उन्हाळ्याचा धोका वेगळा. अकोल्याचे मे महिन्यातले तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण बहुतेक गोळ्या-इंजेक्शनांच्या वेष्टनांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना छापलेली असते, याकडे किती लक्ष जाते? प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. सर्पदंशाची द्रवरूप लसही तशीच. तिची भुकटी बाहेर टिकते, पण तीही २५ अंशांच्या आसपासच. लसीकरणाच्या लसींसाठी सरकारने उभी केलेली शीतसाखळी खरोखर चांगली आहे. त्यातली बर्फाच्या अस्तराची शीतपेटी दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी तापमान राखते. पण पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत मे महिना काढलेल्या इतर औषधांची काळजी तितक्या काटेकोरपणे घेतली जात नाही. अशा औषधावरची मुदत बाकी असते आणि गुण मात्र उतरलेला असू शकतो. साठ्याचा विचार करताना आपण आकडा मोजतो. वऱ्हाडात त्याच्या शेजारी तापमानही लिहिले पाहिजे.

आता साखळीच्या वरच्या टोकाकडे वळू. महाराष्ट्राने २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी एकत्र करून ती हाफकिन महामंडळाकडे सोपवली. हेतू चांगला होता. एकत्र खरेदीने भाव खाली येतात आणि जागोजागच्या गैरव्यवहारांना आळा बसतो. पण निविदा लांबल्या, माल वेळेवर येईना, आणि थकलेल्या बिलांवरून पुरवठादारांनी हात आखडता घेतल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या. शेवटी २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व उपचार मोफत झाले. हा निर्णय गरिबांच्या हिताचा होता, पण मोफत उपचारांमुळे गर्दी वाढते आणि गर्दीबरोबर औषधांचा खप वाढतो, हेही त्याबरोबर आले. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यात १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा नव्हता, असे प्रशासनाने सांगितले; नातेवाईकांनी औषधे बाहेरून आणावी लागल्याच्या तक्रारी केल्या. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि सुनावणीत खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नसल्याचा मुद्दाही आला. त्या मृत्यूंची कारणे अनेक असतील, पण एवढे नक्की, की राज्याच्या राजधानीत रिकामी राहिलेली एक खुर्ची शेवटच्या रुग्णालयातले कपाट रिकामे करू शकते.

एकत्र खरेदी चांगली चालू शकते, हे तामिळनाडूने दाखवले आहे. तिथले वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. त्यांनी आवश्यक औषधांची मर्यादित यादी केली, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली आणि आलेली प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय रुग्णालयांना द्यायची नाही, असा नियम केला. प्रत्येक रुग्णालयाला रकमेची मर्यादा ठरवून दिलेले पासबुक मिळते आणि त्या मर्यादेत काय घ्यायचे ते रुग्णालय ठरवते. भाव ठरवणे, गुणवत्ता तपासणे आणि पैसे चुकते करणे ही कामे वर राहिली; कशाची किती गरज आहे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र खाली राहिला. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू करताना याच वाटेने जाणे पसंत केले. महाराष्ट्रात वाद केंद्रीकरण हवे की विकेंद्रीकरण, यावर अडकतो. खरे तर प्रत्येक कामाला त्याची योग्य पातळी असते. मुंबईत बसून सलाईनचा चांगला भाव मिळवता येतो. दानापूरला जुलैत किती सर्पदंश येतील, हे मुंबईहून दिसत नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. खाली अधिकार दिला तर निकृष्ट आणि बनावट मालाला दार उघडेल, असे म्हटले जाते. ही भीती निराधार नाही. २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून अन्न व औषध प्रशासनाने सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला. तपासणीत त्या गोळ्यांत औषधच नसल्याचे निघाले आणि वेष्टनावर छापलेली कंपनी अस्तित्वातच नसल्याचे आढळले. पुढे अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयातही बनावट प्रतिजैविकाचे प्रकरण उघडकीस आले. पण यातून निघणारा धडा नीट वाचला पाहिजे. कळमेश्वरच्या गोळ्या सरकारी खरेदीच्या वाटेनेच आत आल्या होत्या आणि तपासणीचा अहवाल येईपर्यंत महिने गेले. बनावट औषध रोखते ती तपासणी, आणि ती रुग्णाच्या हाती गोळी पडण्याआधी व्हायला हवी. खरेदी मुंबईत झाली की तेल्हाऱ्यात, याने तिची उणीव भरून निघत नाही. माझी सूचना तालुक्याने वाटेल त्या दुकानातून औषधे घ्यावीत, अशी मुळीच नाही. दरकरार आणि तपासणी राज्याचीच असावी. साठ्याची पातळी आणि वेळ मात्र तालुक्याने ठरवावी. अगदी अडचणीच्या वेळी लागणारी स्थानिक खरेदी रुग्ण कल्याण समितीच्या नोंदीसह, बॅच क्रमांकासह आणि मोजक्याच प्राणरक्षक औषधांपुरती व्हावी.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि मुदतीचा आहे. जास्त साठा ठेवला तर तो मुदत संपून फेकावा लागेल आणि लेखापरीक्षणात जबाब द्यावा लागेल, ही भांडारात काम करणाऱ्या औषधनिर्माण अधिकाऱ्याची खरी भीती असते. तिच्यावर उपाय आहे. आधी ज्याची मुदत संपते ते आधी वापरायचे, हा नियम पाळायचाच. त्याच्या जोडीला साठा फिरता ठेवायचा. मे महिन्यात जिल्ह्याच्या भांडारातून लांब मुदतीची लस आणि ॲट्रोपिन तेल्हारा, अकोट यांसारख्या टोकाच्या तालुक्यांत न्यायचे. पावसाळा संपला, फवारणी आटोपली की नोव्हेंबरमध्ये उरलेला साठा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात परत पाठवायचा. तिथे जिल्हाभरातून गंभीर रुग्ण येतात, त्यामुळे तो मुदतीच्या आत वापरला जातो. औषध फुकट जात नाही, फक्त ते पावसाळाभर योग्य ठिकाणी राहते. वऱ्हाडातला शेतकरी बियाणे मृगाआधी घरात आणून ठेवतो, पेरणीच्या दिवशी बाजार शोधत नाही. रुग्णालयाने तेच करायचे आहे. यासाठी तिन्ही खात्यांच्या नोंदवह्यांना एकमेकींत साठा हलवता येईल, अशी लेखी परवानगी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर आधीच मिळालेली असावी. आणि ठरलेल्या राखीव पातळीतली एखादी प्राणरक्षक कुपी मुदत संपून टाकावी लागली, तर तो दोष समजला जाऊ नये, असे नियमातच लिहावे. अग्निशमन यंत्र वर्षभर वापरले गेले नाही म्हणून कोणी खर्च वाया गेला, असे म्हणत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांकडून येतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. मग प्रत्येक औषध तालुक्यात कशाला, रुग्ण अकोल्याला पाठवावा. गंभीर रुग्ण पाठवावाच लागतो, यात वाद नाही. पण औषध न देता पाठवणे आणि पहिली मात्रा देऊन पाठवणे यांत जगण्या-मरण्याचा फरक आहे. विष रक्तात पसरत असताना रस्त्यात गेलेला प्रत्येक तास लसीचा परिणाम कमी करतो. मण्यार चावलेल्या माणसाचा श्वास वाटेतच थांबू शकतो. पूल बंद, नाला भरलेला, वळसा लांबचा अशा रात्री तर रुग्णवाहिका हाच साखळीतला कच्चा दुवा ठरतो. रुग्ण पुढे पाठवण्याची सोय ही तालुक्यातल्या साठ्याला पूरक आहे. त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

चौथा आक्षेप असा, की संगणक आहे ना. राज्यात ई-औषधी प्रणाली चालते, कुठे काय शिल्लक आहे ते पडद्यावर दिसते. ही सोय मोलाची आहे आणि ती काढून टाकावी, असे कोणी म्हणणार नाही. पण पडद्यावरचा आकडा तितकाच खरा असतो, जितकी त्यामागची नोंद खरी असते. औषधनिर्माण अधिकाऱ्याचे पद रिकामे असेल, नोंदी आठवड्यातून एकदा केल्या जात असतील, तर पडदा जुनीच गोष्ट सांगतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रणाली शिल्लक दाखवते. कमी पडण्याचा धोका कुठे वाढतो आहे, हे तिला कोणीतरी विचारावे लागते. लसीकरणासाठी उभारलेल्या ई-विन प्रणालीने शीतपेट्यांचे तापमान आणि लसींचा साठा सतत पाहण्याची सवय देशभर लावली. तीच शिस्त सर्पदंशाच्या लसीला आणि विषबाधेच्या औषधांना लावता येईल. त्यासाठी नवे तंत्रज्ञान शोधावे लागणार नाही.

हा प्रश्न गरीब किंवा मागास भागापुरताच आहे, असेही कोणी समजू नये. २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्तोरिको बेटावरचे कारखाने बंद पाडले आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत सलाईनच्या छोट्या पिशव्यांची टंचाई झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पुराने नॉर्थ कॅरोलायनातला बॅक्स्टर कंपनीचा एकच कारखाना बंद झाला. अमेरिकेच्या सलाईन पुरवठ्याचा सुमारे ६० टक्के भाग तिथून येत होता. तिथल्या रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. जिथे पैशाची वाण नाही तिथेही, सगळा पुरवठा एकाच जागेवर अवलंबून ठेवला की असेच होते. आपल्याकडेही एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी कळंबोलीहून विशाखापट्टणमला रेल्वेने टँकर पाठवावे लागले आणि नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीने पुरवठा तुटून किमान २२ रुग्ण दगावले. एका टाकीवर, एका पुरवठादारावर किंवा एका पुलावर सारे सोपवणे हाच मूळ धोका आहे. म्हणून राज्याच्या निविदेतही प्राणरक्षक औषधांची ऑर्डर सर्वांत कमी भाव देणाऱ्या एकाला सगळी देण्याऐवजी दोघांत विभागावी. चार पैसे जास्त जातील, पण एक कारखाना बंद पडला तर दुसरा हाती राहील.

हे सारे एका तालुक्यात उतरवायचे तर यादी छोटी करावी लागेल आणि ती छोटी असणेच चांगले. तेल्हाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयासाठी आणि तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांसाठी मिळून वीस-पंचवीस प्राणरक्षक वस्तूंची एक यादी असावी. तिच्यातल्या प्रत्येक वस्तूचा किमान साठा रुग्णांच्या संख्येत ठरवावा, पावसाळ्यासाठी वेगळा आणि एरवीसाठी वेगळा. दर सोमवारी तो मोजून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना एकाच तक्त्यात कळवावा, म्हणजे दोन खात्यांतली भिंत निदान कागदावर तरी पडेल. साठवणीच्या खोलीत तापमापक लावावा आणि मे महिन्यात त्याची रोज नोंद व्हावी. मुख्य रस्ता बंद झाला तर औषध कोणत्या वाटेने आणि कोणत्या शेजारच्या तालुक्यातून आणायचे, हे आधीच लिहून ठेवावे; त्यात संग्रामपूर-शेगावकडची बाजूही धरावी, कारण पूर जिल्ह्याची हद्द पाहून येत नाही. यातल्या कुठल्याही गोष्टीला नवी इमारत लागत नाही. लागते ती रिकामी पदे भरण्याची तत्परता आणि पुरवठादाराचे बिल वेळेवर देण्याची शिस्त.

उरतो आपला, नागरिकांचा वाटा. रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी असतात, ग्रामसभेत आरोग्याचा विषय घेता येतो आणि गावातल्या आशाताईंना कुठल्या वस्तीवर दरवर्षी साप निघतात, हे कोणत्याही संगणकापेक्षा नेमके माहीत असते. तालुक्यातल्या जाणत्या माणसांनी आपापल्या केंद्रात जाऊन चारच प्रश्न विचारावेत. सर्पदंशाचे किती रुग्ण एकाच रात्री आले तरी पुरेल एवढी लस आहे? तिची मुदत केव्हा संपते? ती ठेवलेल्या खोलीचे तापमान किती? आणि अकोल्याचा रस्ता बंद झाला तर ती कुठून येईल? उत्तरे फलकावर लिहून लावायला सांगावीत. पाऊस सुरू झाल्यावर हे प्रश्न विचारून उपयोग नाही. ते मे महिन्यातच विचारा.